मसल कार म्हणायचं तरी कशाला?

ऑगस्टचा तिसरा शनिवार. डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर सकाळपासूनच रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या लागलेल्या असतात. १९९५ साली सुरू झालेली ही जुन्या गाड्यांची जत्रा. जत्राच म्हणायची, कारण थाट सगळा तोच: पोरंबाळं, खाण्याचे ठेले, ऊन चढलं तरी जागचे न हलणारे लोक, आणि समोरून पालखीच्या चालीनं सरकणाऱ्या मोटारी.

मिशिगनला राहायला आलो त्या वर्षी मीही तिथं जाऊन बसलो. शेजारी सत्तरी ओलांडलेले दोन मित्र होते. समोरून फोर्डची एक लाल मस्टँग गेली आणि दोघांची जुंपली. एकाच्या मते ती मसल कार. दुसऱ्याच्या मते मुळीच नाही, ती पोनी कार. तासाभरानं मी उठलो तेव्हाही वाद चालूच होता, फक्त तो मस्टँगवरून शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटवर गेला होता.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. वाचून, लोकांच्या गॅरेजमध्ये तासन् तास उभं राहून, जाणत्यांना विचारून आता माझं एक मत तयार झालं आहे. मसल कार गाडीच्या आकारात सापडत नाही, नावातही सापडत नाही. ती सापडते गाडी मागवताना भरायच्या ऑर्डर फॉर्मवर. हे कसं, ते नीट सांगतो.

आधी ज्यावर बहुतेकांचं एकमत आहे तेवढं बघू. मधल्या आकाराची, दोन दारांची, चार-पाच माणसं बसतील अशी साधी अमेरिकन गाडी. तिच्यात कंपनीच्या मोठ्या गाडीतलं मोठं व्ही-८ इंजिन. ताकद मागच्या चाकांना. आणि किंमत अशी, की नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला हप्त्यानं घेता यावी. म्हणजे घरच्या बैलगाडीला शर्यतीचे बैल जुंपायचे, आणि तेही बाजारात सहज मिळणाऱ्या भावात.

व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा एकमेकींना कोन करून बसवलेल्या, समोरून पाहिलं तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या. अमेरिकेत त्या काळी इंजिनाचा आकार क्युबिक इंचात, म्हणजे घनइंचात मोजत. एक घनइंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. आपल्याला सीसीची सवय, त्यामुळे हा हिशेब एकदा मनात बसवून घ्या: ३८९ घनइंच म्हणजे जवळजवळ ६,४०० सीसी. त्याच काळात कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचं इंजिन १,१०० सीसीच्याही आतलं होतं. जवळपास सहा फियाटची इंजिनं एकाच बोनेटखाली. मोठ्या सिलिंडरमध्ये प्रत्येक वेळी जास्त हवा आणि जास्त पेट्रोल जळतं, त्यामुळे इंजिन फार न फिरवताही दणकून टॉर्क मिळतो. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो हाच. सिग्नलला उभी असलेली गाडी पाय दाबताच मागचे टायर घासत सुटते ती त्याच्या जोरावर.

आता ऑर्डर फॉर्मची गोष्ट. ती पॉन्टियाक कंपनीतली आहे, आणि ती कळली की अर्धा वाद आपोआप उलगडतो.

जनरल मोटर्स ही मूळ कंपनी. पॉन्टियाक, शेव्हरोले, ओल्ड्समोबिल, ब्यूक, कॅडिलॅक हे तिचे तेव्हाचे विभाग. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सनं सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावलं. पॉन्टियाकला याचा मोठा फटका होता, कारण तरुणांमध्ये तिचं नाव शर्यतींमुळेच झालं होतं. मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स, रस गी यांच्यासमोर प्रश्न होता: शर्यतीच्या मैदानावर जाता येत नसेल, तर ती धमक रस्त्यावरच्या गाडीत कशी आणायची?

उत्तर त्यांच्या हाताशीच होतं. पॉन्टियाकच्या टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३२६ घनइंचाचं व्ही-८ बसत होतं. मोठ्या गाड्यांतलं ३८९ चं व्ही-८ बाहेरून अगदी त्याच मापाचं. तेच माउंट, तीच जागा. काही कापाकापी न करता मोठं इंजिन लहान गाडीत सरळ उतरत होतं.

अडचण नियमाची होती. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असं मूळ कंपनीचं धोरण होतं. नवीन मॉडेल आणायचं तर वरच्या साहेबांची मंजुरी लागणार, आणि ती मिळणार नाही हे उघड होतं. पण मॉडेलला मंजुरी लागते. ग्राहकानं निवडायच्या ऑप्शनला लागत नाही. मग त्यांनी जीटीओ हे मॉडेल केलंच नाही. १९६४ च्या टेम्पेस्ट लमाँसाठी ते ऑप्शनचं पॅकेज म्हणून यादीत घातलं. सुमारे २९५ डॉलर जादा भरा, फॉर्मवर खूण करा. मिळणार काय? ३८९ चं इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, दोन एक्झॉस्ट, कडक स्प्रिंग, जमिनीवरून वर येणारा गिअरचा दांडा. आणखी पैसे टाकले तर तीन कार्बोरेटर आणि ३४८ हॉर्सपॉवर. विक्री विभागाचा अंदाज होता की जेमतेम ५,००० गाड्या खपतील. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

बाकीच्यांनी मग वाट पाहिली नाही. ओल्ड्समोबिलनं ४-४-२ आणली, शेव्हरोलेनं शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट), ब्यूकनं ग्रॅन स्पोर्ट. फोर्ड, क्रायस्लर आणि एएमसी (अमेरिकन मोटर्स) आपापल्या परीनं उतरल्या. मूळ कंपनीनं पुढे मर्यादा ४०० घनइंचांवर नेली आणि १९७० साली ती उठवलीच. त्या वर्षीच्या शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घनइंचाचं, कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळत होतं.

या गाड्या वळणावर चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. १९६४ च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि एवढ्या ताकदीपुढे ते तोकडे होते. गाडी जन्मली ती सरळ रस्त्यासाठी, पाव मैलासाठी, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत जाण्यासाठी. युरोपातली स्पोर्ट्स कार घाटातल्या वळणांवर लहानाची मोठी झाली, ही वुडवर्डसारख्या रुंद, सरळ रस्त्यांवर. दोघींना एका मापानं मोजायला गेलं की एकीवर अन्याय होतोच.

आता सीमेवरच्या गाड्या. खरं भांडण इथंच असतं.

पहिला प्रश्न: जीटीओच्या आधी कोणी नव्हतं का? होतं. १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ मध्ये कंपनीनं मोठ्या गाडीसाठी बनवलेलं नवं ३०३ घनइंचाचं व्ही-८ हलक्या बॉडीत घातलं होतं. १३५ हॉर्सपॉवर आज किरकोळ वाटतील, पण कल्पना तंतोतंत तीच. म्हणून काही जाणकार तिला पहिली मसल कार मानतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, एका अटीवर: ती पूर्वज आहे. तिच्यामागे लगेच रांग लागली नाही, बाजार उभा राहिला नाही. १९५५ ची क्रायस्लर सी-३०० मात्र मी बाजूला ठेवतो. ३०० हॉर्सपॉवर हा त्या काळी अचाट आकडा होता, पण ती मोठी, चामड्याच्या सीटची, चार हजार डॉलरवरची श्रीमंताची गाडी. ताकद होती, परवडण्याचा भाग नव्हता. तो भाग काढून टाकला तर उरते ती नुसती वेगवान मोटार.

परवडणं किती महत्त्वाचं होतं ते क्रायस्लरच्याच प्लिमथ या ब्रँडच्या १९६८ च्या रोड रनरकडे पाहून कळतं. जीटीओ आणि तिच्या बहिणी तोवर नटायला लागल्या होत्या, किंमती चढल्या होत्या. प्लिमथनं सगळा नखरा काढून टाकला. पुढे एकच सलग बाकासारखी सीट, खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट, आणि बोनेटखाली ३८३ घनइंच, ३३५ हॉर्सपॉवर. किंमत तीन हजार डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले, आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ वाजणारा केला. गालिच्याचे पैसे वाचवून हॉर्नवर खर्च करणाऱ्या त्या माणसांना आपलं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी चाळीस हजारांहून जास्त गाड्या गेल्या. मला कोणी एकच मसल कार दाखव म्हटलं तर मी हीच दाखवीन.

आता मस्टँग. ती १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आली. प्लिमथची बाराकुडा तिच्या दोन आठवडे आधी आली होती, तरी या वर्गाला नाव पडलं ते मस्टँगवरून: पोनी कार. लांब बोनेट, आखूड डिकी, आणि अंगाखाली फोर्डच्याच फाल्कन या लहान घरगुती गाडीचा सांगाडा. सुरुवातीच्या किंमतीत सहा सिलिंडरचं साधं इंजिन मिळे. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर मस्टँग विकल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कॉलेजला, ऑफिसला, बाजाराला जाणाऱ्या शांत गाड्या होत्या. त्यांना मसल कार म्हणता येणार नाही.

पण १९६९ ची बॉस ४२९ मस्टँग घ्या. ४२९ घनइंचाचं ते इंजिन मस्टँगच्या बोनेटखाली मावतच नव्हतं. फोर्डनं गाड्या मिशिगनमधल्याच ब्रायटनला, कार क्राफ्टच्या कारखान्यात पाठवल्या. तिथं पुढच्या सस्पेन्शनभोवतीचे पत्रे बदलून जागा केली, आणि बॅटरीला जागा उरली नाही म्हणून ती डिकीत नेऊन ठेवली. बॅटरी डिकीत टाकून इंजिन आत बसवणं यापेक्षा मसल कारचं लक्षण आणखी काय हवं? ‘फक्त मधल्या आकाराची’ हा नियम कडक पाळला तर ही गाडी बाद, आणि १९७० ची क्रायस्लरच्या हेमी या जबर इंजिनाची बाराकुडाही बाद. हे मला मान्य नाही.

माझ्या मते या वादाची गाठ इथंच सुटते. पोनी कार हे बॉडीचं नाव आहे. मसल कार हे बोनेटखाली काय मागवलं त्याचं नाव आहे. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरं. एक मस्टँग नुसती पोनी कार असेल, दुसरी दोन्ही असेल. कुठली कोणती, ते बाहेरून दिसेलच असं नाही. त्या दोन मित्रांसमोरून गेलेली लाल मस्टँग कोणत्या इंजिनाची होती हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

कॉर्व्हेटचं लवकर उरकतं. १९५३ पासून ती दोन सीटची, फायबरग्लास बॉडीची, स्पोर्ट्स कार म्हणूनच घडवलेली. साध्या गाडीचं रूपांतर तिच्यात कधी झालंच नाही. ताकद कितीही असो, ती वेगळ्या घरातली. एएमसीची १९६८ ची एएमएक्सही दोन सीटची, पण ती जॅव्हेलिन ही चार माणसांची पोनी कार फूटभर आखूड करून बनवलेली. तिला मी आत घेतो, आणि त्यावरून माझ्याशी भांडणारे आहेत.

आकड्यांबद्दल सावध राहा. १९७१ पर्यंत जाहिरातीत छापलेले हॉर्सपॉवर ‘ग्रॉस’ असत. इंजिन एकटं टेबलावर ठेवून मोजायचं. ना एअर क्लीनर, ना गाडीतला खरा एक्झॉस्ट, ना अल्टरनेटर-पंखा यांचा भार. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे गाडीत बसवलेलं असतं तसंच इंजिन मोजायचं. शेव्हरोलेच्या एलटी-१ या इंजिनाचा आकडा १९७० ला ३७०, १९७१ ला ३३० आणि १९७२ ला २५५. शेवटची मोठी घसरण मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतली आहे. ती पाहून ‘१९७२ साली मसल कार मेली’ असं सांगणारे कागद नीट वाचत नाहीत. उलट काही कंपन्या विमा कंपन्यांची आणि शर्यतीतल्या वर्गवारीची गणितं सांभाळायला आकडे मुद्दाम कमी छापत. बॉस ४२९ वर ३७५ लिहिलं आहे. त्यावर विश्वास ठेवणारा जाणकार मला अजून भेटलेला नाही.

मग या गाड्या संपल्या कशानं? घाव एकामागोमाग एक बसले. तरुण चालक आणि मोठं इंजिन म्हटलं की विम्याचा हप्ता गाडीच्या हप्त्याच्या जवळ जाऊ लागला. १९७० चा हवा शुद्धीकरणाचा कायदा आला. शिसं कमी असलेल्या पेट्रोलवर चालायला हवीत म्हणून जनरल मोटर्सनं १९७१ ला इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं आणि ताकद खरोखरच घटली. मग १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि गॅलनला दहा-बारा मैलांचं ॲव्हरेज देणारी गाडी कोणाला हवी होती? तरी १९७३-७४ मध्ये पॉन्टियाकनं सुपर ड्यूटी ४५५ घनइंचाची ट्रान्स ॲम बाजारात आणलीच. ‘क्लासिक’ मसल कारचा काळ मी १९६४ ते १९७४ धरतो तो त्या गाडीच्या मानापोटी. त्याच १९७४ सालची जीटीओ मात्र मी मोजत नाही. नाव जीटीओ, पण खाली व्हेंचुरा ही छोटी गाडी आणि ३५० घनइंचाचं इंजिन.

ब्यूकची १९८७ ची जीएनएक्स अनेकांना खटकते, कारण तिच्यात सहाच सिलिंडर: ३.८ लिटर, टर्बो, कागदावर २७६ हॉर्सपॉवर, एकूण ५४७ गाड्या. खाली ब्यूकचीच मधल्या आकाराची रीगल, मागच्या चाकांना ताकद, सरळ रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. माझ्या लेखी ती मसल कार आहे, फक्त क्लासिक काळातली नाही. २००८ ला परतलेली आणि २०२३ ला बंद झालेली डॉज चॅलेंजरही तशीच. भारतात फोर्डनं २०१६ साली अधिकृतपणे आणलेली पाच लिटर व्ही-८ ची मस्टँग जीटी आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्यात पाहिली असेल. ती या घराण्याची, पण तेव्हा पासष्ट लाखांना मिळणारी ती गाडी पंचविशीतल्या पोराच्या हप्त्यांत बसणारी नव्हती.

एक गोष्ट ऐकून मला नवल वाटलं होतं. साठच्या दशकात मासिकं या गाड्यांना बहुधा ‘सुपरकार’ म्हणत. ‘मसल कार’ हा शब्द सर्रास रूढ झाला तो नंतर. म्हणजे ज्या गाड्या बनवताना कोणाकडे हे नावच पक्कं नव्हतं, त्यांना नंतर आलेल्या नावात बसवायचा आपला खटाटोप. कंपन्यांकडे होते फक्त ऑप्शनचे कोड.

आणि म्हणून कागद. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा चासी नंबर साध्या लमाँसारखाच असतो. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झालं १९६६ ला. शेव्हेलचं उलट: १९६६ ते १९६८ ची एसएस ३९६ नंबरवरून ओळखता येते, १९६९ पासून एसएस हा ऑप्शन झाला आणि नंबर गप्प बसला. अक्षरांवर तर विसंबूच नये. १९७० च्या ज्या शेव्हेलवर ३९६ लिहिलेलं आहे, तिचं इंजिन प्रत्यक्षात ४०२ घनइंचाचं होतं. कंपनीनं स्वतःच जुना आकडा ठेवला होता. आज खरी एसएस आणि नंतर एसएस बनवलेली मालिबू (शेव्हेलचीच साधी आवृत्ती) यांच्या किंमतीत प्रचंड तफावत पडते, आणि दोघींना शेजारी उभं केलं तर मला तरी फरक सांगता येणार नाही.

आमच्या गल्लीत एका निवृत्त गृहस्थाकडे १९७० ची शेव्हेल आहे. गडद निळी, पांढरे पट्टे, ग्रिलवर आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर एसएस, आत ४५४ घनइंचाचं इंजिन. वीस वर्षांपूर्वी एसएस म्हणूनच घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात पेट्रोलची टाकी गळायला लागली म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती खाली उतरवली. टाकीच्या वरच्या बाजूला, गंजाच्या पापुद्र्यात चिकटलेला एक कागद होता: बिल्ड शीट. गाडी जोडताना कारखान्यातल्या कामगारांना काय बसवायचं ते सांगणारा छापील तक्ता, जो कुणीतरी तिथंच ठेवून दिला होता. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. त्या गृहस्थांनी पाण्याचा फवारा मारून, पातळ सुरीनं, अर्ध्या तासात तो सोडवला आणि पुठ्ठ्यावर पसरला.

एसएस ३९६ चा कोड झेड २५. एसएस ४५४ चा झेड १५. त्यांनी चष्मा लावून एकेका चौकटीवरून बोट फिरवलं. दोन्ही नव्हते. कारखान्यातून ही गाडी ३०७ घनइंचाचं इंजिन आणि सलग सीट घेऊन निघाली होती.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ज्यानं ती पहिल्यांदा मागवली त्याला बहुतेक कामाला जायला गाडी हवी असेल.

४५४ चं इंजिन त्यांनी ठेवलं. दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा मडगार्डवरची अक्षरं काढलेली होती, आणि पिना जायच्या त्या बारीक छिद्रांवर त्यांनी मास्किंग टेप लावून ठेवली होती. रंगारी पुढच्या महिन्यात येणार होता.